यमुताईंच्या पडद्यावरचे पाहुणे

घरबसल्या होणाऱ्या कामासाठी माणसाला जितकं हिंडावं लागतं, तितकं घराबाहेरच्या कामासाठी लागत नाही. यमुताईंना हे ठाऊक असायला हवं होतं. पण मे महिन्याच्या दुपारी, कूलरसमोर बसून, हातात पन्ह्याचा पेला असताना फोनवर बोललेलं वाक्य कोणी तपासून घेत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ओमप्रकाशजी, तुम्हाला केंद्रात यायचीसुद्धा गरज नाही. मी तुम्हाला सगळं नंदनवनात, माझ्या घरच्या टीव्हीवर दाखवते."

"पक्कं ना, ताई?"

"पक्कं म्हणजे काय! महिनाअखेरच्या शनिवारी या. समितीलाही आणा. सांबारवडी करीन, भरपूर कोथिंबीर घालून."

केंद्र म्हणजे सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतलं विणकर नमुना केंद्र. ओमप्रकाशजी कापडाचे व्यापारी आणि केंद्राचे अध्यक्ष. तिथल्या एका खोलीत युनिक्स या प्रणालीवर चालणारं एक जुनं संगणकाचं यंत्र होतं आणि त्या यंत्राच्या पोटात लुगड्यांच्या काठांचे शेकडो नमुने होते. उमरेडकडच्या विणकरांनी शेजारी बसून एकेक सांगायचा आणि यमुताईंनी तो यंत्रावर चढवायचा, असं निवृत्त होईपर्यंत चाललं होतं. नमुने दाखवणारा प्रोग्रामही यमुताईंनीच लिहिलेला. काठ रुंद करा, अरुंद करा, रंग बदला, विणायला आलेख काढून घ्या. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला ते नमुने वाचता येत नव्हते. यंत्र अजून धडधाकट होतं, पण त्याचा पडदा जळाला होता आणि तसला पडदा आता कोणी बनवत नाही. समितीचं म्हणणं सरळ होतं. ज्यातलं काही दिसत नाही ते ठेवून काय करायचं? शनिवारी दिसलं तर यंत्र राहील. नाही दिसलं, तर सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येईल. टेम्पो सांगूनही ठेवला होता.

हे सगळं शेजारच्या पुष्पलताबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं होतंच. त्या तारेवरचे पापड उचलता उचलता आत आल्या.

"काहून वं यमुताई, मशीन बर्डीत, अन् दिसन तुमच्या टीव्हीत? हे कसं काय जमवान?"

"सोपं आहे. माझ्या लॅपटॉपवर एक यजमान बसवायचा. त्याला एक्स सर्व्हर म्हणतात. तिकडचा प्रोग्राम पाहुणा. पाहुणा दारात उभा राहून म्हणतो, इथे रेघ काढा, तिथे चौकोन काढा, त्यात लाल रंग भरा. यजमान मुकाट्यानं काढून देतो."

"म्हंजे पाहुणा नुस्ता हुकूम सोडते अन् घरच्यानं राबावं?"

"तसंच."

"मंग त्यात नवीन काय हाय? आमच्या घरी मे महिनाभर हेच चालू राहते." आणि पापड घेऊन त्या निघून गेल्या. एक्स सर्व्हरचं याहून नेमकं वर्णन यमुताईंनी कुठल्या जाड पुस्तकातही वाचलं नव्हतं.

खरं तर ही विद्या त्यांच्या हातात मुरलेली होती. ज्या काळी यंत्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे आणि आतल्या गारठ्यामुळे नागपूरच्या भर उन्हाळ्यात स्वेटर घालणारी बाई म्हणून बसस्टॉपवर लोक टक लावून बघत, त्या काळापासून त्यांना ती येत होती. फरक एवढाच, की तेव्हा दोन्हीकडे युनिक्स होतं. आता घरी विंडोज. म्हणजे परक्या गावच्या घरात आपल्याकडचा यजमान नेऊन बसवायचा. तशी सोय आहे, फुकट आहे, आणि तिचा मूळ कोडही सगळ्यांना खुला आहे. यमुताईंनी ती उतरवून घेतली, चालू केली, आणि कोपऱ्यात एक इवलंसं चिन्ह येऊन बसलं. यजमान हजर होता. पाहुण्याचा पत्ता नव्हता.

पाहुणा यायला केंद्राची परवानगी लागणार होती. तोवर चाचणीसाठी एखादा उसना पाहुणा हवा. वरच्या मजल्यावरच्या सुमंतला कंपनीनं दिलेला लॅपटॉप विंडोजचा नव्हता, तो यमुताईंच्या युनिक्सच्या जातकुळीतला होता. इमारतीत वायफाय सामायिक असल्यानं तारबीर ओढायचीही गरज नव्हती. सुमंतनं आपला पत्त्यांचा खेळ निवडला. यमुताईंच्या लॅपटॉपचा नंबर त्या खेळाच्या आज्ञेत लिहून टाकला आणि वर बसून बटण दाबलं. खाली यमुताईंच्या पडद्यावर हिरवं मैदान उघडलं आणि त्यावर पत्ते मांडले गेले.

पण पहिल्या वेळी ते उघडलं नव्हतं. यजमानानं सुमंतला दारातच अडवलं होतं. यजमानाकडे एक यादी असते, कोणाला आत घ्यायचं याची. त्यात सुमंतचं नाव नव्हतं. यमुताईंना ही यादीच पटली नाही. त्यांच्या घराचं दार सकाळी उघडलं की झोपायच्या वेळीच लागे. आल्यागेल्याला आधी नाव विचारायचं आणि मग पाट द्यायचा, ही रीत त्यांच्या सासरी नव्हती आणि माहेरी तर मुळीच नव्हती. शेजारी दुसरी खूण होती: सर्वांना प्रवेश. यमुताईंनी ती केली आणि त्यांना बरं वाटलं.

"ताई, हे असं उघडं ठेवू नका हं," सुमंत म्हणाला. "वायफायवरचा कोणीही घुसेल."

"वायफायवर कोण आहे? तू, मी आणि पुष्पलताबाईंचा फोन. येऊ दे कोण येतं ते."

सुमंत वर निघून गेला. त्यानंतर कंपनीनं त्याला पत्ते खेळायला उसंत दिली नाही, आणि खेळाच्या आज्ञेत लिहिलेला नंबर तिथेच राहून गेला.

इकडे सीताबर्डीत परवानगीचं काम मनोहररावांकडे होतं. मनोहरराव केंद्राचे कार्यालय प्रमुख. प्रमुख म्हणजे एकटेच. त्यांनी यमुताईंचा अर्ज चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला.

"आपण लिहिलंय की घरी सर्व्हर चालतो."

"हो."

"सर्व्हर म्हटला की वातानुकूलित खोली आली. आग विझवायची सोय आली. तसं परिपत्रक आहे."

"अहो मनोहरराव, तो एक प्रोग्राम आहे. माझ्या मांडीवर बसतो."

"मांडीवर असो की माळ्यावर असो, सर्व्हर तो सर्व्हर."

"मग तो शब्द मी खोडते."

"अर्जावर खाडाखोड चालत नाही."

"नवा अर्ज देते."

"आधीचा निकाली निघाल्याशिवाय नवा घेता येत नाही. आपण इथेच नोकरी केली ना ताई? आपल्याला माहीत असायला पाहिजे."

हे मात्र यमुताईंना लागलं. त्या नोकरीत असताना हेच परिपत्रक त्यांनी स्वतः टाइप केलं होतं. वातानुकूलित खोलीच्या जागी कूलर चालवून घ्यायला मनोहरराव बऱ्याच विनवण्यांनंतर तयार झाले, पण आगीच्या बाबतीत ते हलेनात. शेवटी यमुताई बर्डीतूनच आग विझवायचा लाल सिलिंडर विकत घेऊन, मेट्रोत मांडीवर धरून घरी आल्या. बाजूच्या बाईनं जागा दिली आणि वर म्हणाली, "नातवाले खेळणं आहे का?" सिलिंडर हॉलच्या भिंतीवर टांगला गेला, त्याचा फोटो केंद्रात गेला, आणि परवानगी आली.

पहिल्यांदा यंत्र जोडलं गेलं तेव्हा यमुताईंनी देवापुढे दिवा लावला होता. लॅपटॉपवर खिडकी उघडली. काठ दिसला. आणि यमुताईंचा चेहरा उतरला. लालसर कुसुंबी काठ निळा झाला होता आणि त्यावरचे हिरवे पोपट जांभळे झाले होते. चोचींना तर रंगच नव्हता.

"कावळे चांगले काढले," पुष्पलताबाई म्हणाल्या.

दोष कोणाचाच नव्हता. जुना प्रोग्राम आपले मोजके रंग स्वतः कालवून घेणारा. नवा पडदा कोट्यवधी रंग तयार ठेवणारा. वरणभात मागणाऱ्या माणसाला लग्नातल्या टेबलांसमोर नेऊन उभं करावं, म्हणजे तो जसा गोंधळून भलतंच वाढून घेतो, तसं झालं होतं. सल्ले आले. सुमंत म्हणाला, "ताई, पडद्याचे रंग बदलून बघा." चिन्मयी, म्हणजे सुमंतची बायको, म्हणाली, "समितीला सांगा निळाच काठ आहे. आता निळ्याची फॅशन आहे." पुष्पलताबाईंच्या काटोलच्या भावानं फोनवरून सांगितलं की त्याच्या संत्र्याच्या बागेतला कॅमेरा असाच रंग बिघडवत होता, तो एकदा आपटल्यावर नीट झाला.

यमुताईंनी कोणाचं ऐकलं नाही. मूळ कोड खुला होता, आणि खुल्या कोडसमोर त्या कधी घाबरल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि यजमानालाच शिकवायला बसल्या, की बाबा, पाहुणा रंगांची वाटी मागेल तेव्हा त्याला त्याचीच वाटी द्यायची, आपली परात पुढे करायची नाही. बऱ्याच दुपारी यात गेल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून वरणाचं पिठलं झालं. पण एका दुपारी सुधारलेला, स्वतःच्या हातचा एक्स सर्व्हर बांधून तयार झाला आणि यमुताईंनी तो चालू केला.

विंडोजनं पडदाभर सूचना दिली. हा प्रोग्राम कोणी बनवला ते माहीत नाही. तो धोकादायक असू शकतो.

यमुताई बघतच राहिल्या. ज्या बाईला नंदनवनातला भाजीवालासुद्धा नावानं हाक मारतो, जिच्याकडून निम्म्या गल्लीनं लोणच्याचं प्रमाण लिहून नेलं, तिला तिच्याच लॅपटॉपनं, तिच्याच घरात, तिच्याच हातचं चाखण्याआधी तोंड वाकडं करून दाखवलं होतं. त्या सूचना ओलांडून पुढे जाणार, तोच विषाणू शोधणारा दुसरा प्रोग्राम जागा झाला. त्यानं यमुताईंचा सर्व्हर उचलला, कोठडीत टाकला आणि हिरव्या अक्षरांत जाहीर केलं, की आता तुम्ही सुरक्षित आहात.

"कोणापासून?" यमुताई रिकाम्या हॉलला म्हणाल्या. "माझ्यापासून?"

कोठडीतून सोडवून आणायला संध्याकाळ झाली. पण त्यानंतर काठ कुसुंबी आला, पोपट हिरवे आले, चोचीही आल्या, आणि यमुताईंनी रव्याचा लाडू खाऊन स्वतःचा सत्कार केला.

शनिवारी समिती आली. ओमप्रकाशजी पुढे, त्यांच्यामागे उमरेडच्या रंभाबाई. रंभाबाई जुन्या विणकर आणि समितीच्या सदस्य. यंत्रातले बरेच काठ त्यांनी सांगितलेले होते, आणि जे त्यांनी सांगितले नव्हते तेही आपणच सांगितले असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी मनोहरराव, जे आल्याबरोबर सिलिंडरची मुदत वाचायला गेले. चिन्मयी वड्या वाढायला खाली आली होती. सुमंतला खुर्च्या आणायला बोलावलं होतं, पण त्याची कंपनीत अत्यंत महत्त्वाची मीटिंग होती, दार लावून बसला होता. पुष्पलताबाई बोलावल्याशिवायच आल्या आणि सगळ्यांत चांगल्या खुर्चीत बसल्या.

यमुताईंनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. बटण दाबलं. सीताबर्डीतून कुसुंबी काठ येऊन टीव्हीवर उलगडला.

"माहाच हाय," रंभाबाई म्हणाल्या.

यमुताईंनी काठ रुंद केला. रंग बदलले. आलेख काढून दाखवला. मग हात मांडीवर ठेवून, कौतुक ऐकायला जसं बसायचं असतं, तशा बसल्या.

ओमप्रकाशजी वडी संपवून म्हणाले, "ताई, बहोत छान. पण हा तर व्हिडिओ आहे ना?"

"व्हिडिओ?"

"तुम्ही आधीच भरून ठेवला असन. आजकाल काही भी बनते. आमचा पोरगा सौरव तर मोबाइलवर मला चंद्रावर उभा करून दाखवतो."

"अहो, मी आत्ता तुमच्यासमोर रंग बदलला!"

"चंद्रावर मी हात पण हलवतो, ताई."

महिनाभराची मेहनत, कोठडीतून सोडवून आणलेला सर्व्हर, आणि हा माणूस त्याला चंद्र म्हणत होता. यमुताईंनी विचारलं, "मग तुम्हाला काय दाखवलं म्हणजे पटेल?" ओमप्रकाशजींना ते माहीत नव्हतं. त्यांनी मनोहररावांकडे पाहिलं. मनोहरराव म्हणाले, यंत्राचा दिवा लुकलुकतो आहे का ते केंद्रात फोन करून विचारता येईल, पण तो तसाही नेहमीच लुकलुकतो. ओमप्रकाशजींनी घड्याळ पाहिलं, हात पुसले आणि खिशातून फोन काढला. टेम्पोवाल्याचा नंबर शोधत होते हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि टीव्हीवर, पोपटांच्या बरोबर मधोमध, हिरवं मैदान उघडलं. त्यावर पत्ते मांडले गेले.

यमुताईंनी ते बाजूला सरकवलं. त्याच्या जागी दुसरं उघडलं. ते सरकवेपर्यंत तिसरं.

"हा काठ कोनाचा हाय?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"काळ्या दहिल्यावर लाल नहिला जाते ना," रंभाबाई पुढे सरकत म्हणाल्या. "ठेवा न बाई! इकडे द्या ते." आणि त्यांनी यमुताईंच्या हातातून माउस घेऊन तो नहिला ठेवलाही. ओमप्रकाशजींचा फोन मांडीवर पडला. "एक्का वर घ्या, एक्का! पहिले एक्का काढा!" मनोहररावांनी नियम सांगितला, की राजा रिकाम्या जागीच ठेवता येतो. चौथं मैदान उघडलं तेव्हा चिन्मयी वड्यांचं ताट घेऊन उभी होती. ती सावकाश म्हणाली, "हा तर सुमंतचा खेळ आहे."

त्याच क्षणी तिचा फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"चिनू, जरा यमुताईंना विचार ना, वायफायला काही झालंय का. माझं प्रेझेंटेशनच उघडत नाहीये. मीटिंगमध्ये सगळे थांबलेत."

"कितीदा उघडून पाहिलंस?"

"चार-पाच वेळा."

"पाच. पाचवं आत्ताच आलं. खाली ये. तुझं प्रेझेंटेशन रंभाबाई देताहेत."

सुमंत खाली आला. त्याच्या चेहऱ्याचं वर्णन इथे करत नाही, कारण त्याला पुढेही त्याच घरात नांदायचं आहे. चिन्मयीनं त्याच्या हातात रिकामं ताट दिलं आणि खुर्च्या दाखवल्या. पण ओमप्रकाशजींनी त्याला मध्येच पकडलं.

"तू वर दाबलं, अन् उघडलं इथं?"

"हो काका."

"वर काही नाही दिसलं?"

"काहीच नाही. म्हणून तर परत परत दाबलं."

"वायर?"

"वायर नाही."

"अन् ताईंनी तुला असं करायला सांगितलं होतं?"

सुमंतनं चिन्मयीकडे पाहिलं. खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "नाही हो. त्यांना कसं सांगता येईल? मी मीटिंगमध्ये होतो."

ओमप्रकाशजी उठले. ते स्वतः सुमंतबरोबर वर गेले. थोड्या वेळानं वरच्या गॅलरीतून त्यांचा आवाज आला, "दाबलं! आलं काय?"

"आलं!" खालून सगळे ओरडले.

"अजून एक दाबतो! आलं?"

"आलं!"

"पुष्पलताबाई, तुम्ही सांगा, आलं?"

"आलं बाप्पा आलं, आता पोपट दिसून नाही राहिले!"

व्यापारी माणूस जिना उतरून आला तेव्हा त्याला घाम फुटला होता आणि तो हसत होता. "वरून खाली येते, तर बर्डीतून काहून नाही येणार? मानलं ताई. हे खरं आहे. व्हिडिओ बनवणारा असा स्वतःच्या बायकोसमोर पकडला जात नाही."

यमुताईंनी नम्रपणे मान झुकवली. आपलं दार उघडं राहिलं होतं, हे सांगायची ती वेळ नव्हती. "प्रात्यक्षिक दोन्ही बाजूंनी दाखवावं लागतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यात जाऊन, कोणाचं लक्ष नाही असं बघून, सर्वांना प्रवेश ही खूण काढून टाकली. यादीत एकच नाव लिहिलं, सीताबर्डीच्या यंत्राचं. मनातून त्यांना ते बरं वाटलं नाही. रंभाबाईंनाही नाही, कारण त्यांचा डाव जमत आला होता आणि पुढचं मैदान आता येईना.

ठराव तिथेच झाला. यंत्र भंगारात जाणार नाही. नमुने विणकरांसाठी खुले राहतील. मनोहररावांनी तो लिहून घेतला, सगळ्यांनी वडीच्या हातानं सही केली, आणि यमुताईंना वाटलं, की निवृत्तीनंतर इतका सरळ विजय कोणाच्या वाट्याला येत नाही.

निघताना ओमप्रकाशजी दारात थांबले. "एक आहे, ताई. यंत्र कुठं पण असो, चित्र कुठं पण दिसते. तुम्हीच सिद्ध केलं."

"अगदी."

"म्हणजे ते बर्डीतच पाहिजे असं काही नाही."

"नाही... म्हणजे, तसं नाही."

"बस, मग झालं. मला ती खोली मालासाठी पाहिजेच होती. टेम्पो तर सोमवारचा सांगूनच आहे."

सोमवारी चार माणसांनी यंत्र नंदनवनात आणलं. जिन्यात ते अडकलं, दाराची चौकट जरा सोलली गेली, आणि पुष्पलताबाईंनी उलट धरायला सांगितल्यानं आणखी जरा सोलली गेली. हॉलमध्ये जागा नव्हती. झोपायच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला तेव्हा ते मावलं. चालू केल्यावर त्यानं असा घुमारा धरला, की देव्हाऱ्यातली घंटा बारीक वाजू लागली.

यमुताईंनी खोलीचं दार ओढून घेतलं, हॉलमध्ये येऊन बसल्या आणि लॅपटॉप उघडला. टीव्हीवर कुसुंबी काठ रेघ रेघ करत येऊ लागला. दोरखंड गुंडाळणारा टेम्पोवाला ते पाहत उभा राहिला. त्यानं टीव्ही पाहिला, बंद दार पाहिलं, पुन्हा टीव्ही पाहिला.

"ताई, मशीन तर आत आहे. तुम्ही इथं बसून काय पाहून राहिल्या?"

"मशीनच पाहते आहे," यमुताई म्हणाल्या. "ते दुरूनच पाहायचं असतं."